कोयीचं पाणी

शालननं कोमट पाण्याच्या पातेल्यात हात घातला आणि पिळून झालेल्या कोयी पुन्हा एकेक करून चोळायला घेतल्या. रस केव्हाच निघाला होता. आता कोयीच्या केसांत अडकलेला आंबूस गर तेवढा राहिला होता, आणि तिला तोच हवा होता. साली, कोयी धुऊन झाल्यावर तिनं ते पिवळं पाणी गाळून बारीक गॅसवर ठेवलं, धुतलेल्या कोयी मोरीजवळच्या टोपलीत टाकल्या आणि गूळ किसायला बसली.

संघप्रिया स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. मावशीचं पहाटे पाचपासून चाललेलं ती बघत होती. खुर्च्यांची कव्हरं धुऊन पुन्हा चढवली होती, तसबिरींच्या काचा पुसल्या होत्या, कपाटातल्या नव्या वाट्या खाली आल्या होत्या. मे महिन्याच्या सुट्टीला ती दरवर्षी यायची. तिच्यासाठी कधी नव्या वाट्या निघाल्या नव्हत्या. तिनं विचारलं तेव्हा शालन म्हणाली, जुना स्टाफ आहे, मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला येताहेत. संघप्रियाला शाळेत मास्तरीण होऊन तीन वर्षं झाली होती. माणूस अर्धंच सांगतंय हे कळायला तेवढी वर्षं पुष्कळ होतात. तिनं पुढं विचारलं नाही. रवा चाळून दिला आणि बाहेर जाऊन पेपर उघडून बसली.

निरोप आणला होता पिराजीनं, दवाखान्यातल्या जुन्या शिपायानं. गुरुवारी पेठेत शालन दिसली तशी त्यानं सायकल थांबवली आणि एक पाय जमिनीला टेकवून सांगितलं,

"बाई, बुद्धभूषण येणार हाय रविवारी तुमच्याकडं. पोरीचं लगीन ठरलंय त्याच्या. मंडळीबी हायत संगं."

एवढं सांगून तो पायडलकडं बघत राहिला. शालन आणि बुद्धभूषणची गोष्ट पिराजीला पहिल्यापासून ठाऊक होती, आणि तेवीस वर्षांत त्यानं ती कुणापुढं तोंडातून काढली नव्हती. शालन 'बरं' म्हणाली. शनिवारी जाऊन तिनं दोन डझन रायवळ आंबे आणले, देठाशी वास घेऊन, एकेक निवडून. हापूस घेतला असता तर काम सोपं झालं असतं. पण हापूसच्या कोयीला केस नसतात.

त्या काळी शालन अठ्ठावीस वर्षांची होती आणि वडगावपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात नर्स होती. बुद्धभूषण मलेरियाच्या कामाला होता. सायकलवरून वाड्यावस्त्या फिरायचा, ताप आलेल्यांच्या बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि दुपारी उन्हानं काळवंडून दवाखान्यात परत यायचा. उन्हाळ्यात बाळंतिणींच्या घरून शालनला आंब्यांच्या पाट्या यायच्या. एकटीनं किती खायचे? जास्त पिकलेले पिळून ती क्वार्टरमध्ये स्टोव्हवर सांजा करायची. ताटल्या दोनच. एक तिची, एक पिराजीला जायची. बुद्धभूषणला डब्याच्या झाकणात मिळायचा. झाकण तापायचं, मग तो ते या हातातून त्या हातात घेत, फुंकर घालत खायचा. कोयी टाकायच्या नसतात, त्यांच्या पाण्यातच रवा शिजवायचा असतो, हे तिनंच त्याला सांगितलं होतं. चूल कधी न पेटवलेल्या माणसाला सांगावं तसं, दोनदा.

लग्न ठरल्यातच जमा होतं. त्याच्या घरची माणसं येऊन बघून गेली होती. तेवढ्यात शालनची थोरली बहीण कावीळ होऊन गेली. मागं संघप्रिया, जेमतेम वर्षाची. दाजींनी सहा महिन्यांत दुसरं लग्न केलं आणि पोर आजोळी आणून सोडली. शालनच्या आईला धड दिसत नव्हतं, म्हणून पोर दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये आली. बुद्धभूषण म्हणाला, घेऊन ये तिला, त्यात काय एवढं. त्याची आई म्हणाली, नवरीच कडेवर पोर घेऊन आली तर चार लोक काय म्हणतील? तो आईशी भांडला, वर्षभर थांबला. घरात जेवणं सोडली, पुन्हा धरली. शेवटी शालनच त्याला म्हणाली की आता थांबू नको.

त्यानं 'थांबतो' म्हणायला हवं होतं. तसं तो का म्हणाला नाही, हे तिनं पुढं मनाशी कितीदा विचारलं. त्या वेळी मात्र पोरीचं दूध उतू जातंय म्हणून ती आत निघून गेली होती, आणि बाहेर येईतो तो गेला होता. त्यानं बदली मागून घेतली, इचलकरंजीला घर केलं. वडगावहून इचलकरंजी एसटीनं तासाभराची वाट. मीटिंगला, ट्रेनिंगला, कुणाच्या लग्नाला ती वर्षातून चारदा तिकडं जायची. यंत्रमाग चाललेल्या गल्ल्यांतून गाडी हळू व्हायची तेव्हा ती खिडकीशी सरकून बसायची. एकदाही तो दिसला नाही.

पाण्याला उकळी आली. तिनं दुसऱ्या शेगडीवर कढईत तूप सोडलं, रवा टाकला आणि हलवत राहिली. रवा तांबूस झाला, घरभर वास सुटला. मग तिनं उकळतं पाणी त्यावर ओतलं. कढई चरचरली आणि वाफेनं तिचा चष्मा पांढरा झाला. रवा फुलून आल्यावर गूळ घातला, तो विरघळल्यावर गॅस अगदी बारीक करून रस. झाकण ठेवलं आणि बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

ती लगेच गेली नाही. आधी चष्मा काढून पदरानं पुसला, एक काच, मग दुसरी. संघप्रियानं पाहुण्यांना 'या' म्हटलेलं तिनं आतूनच ऐकलं.

तो अंगानं भरला होता. केस काळे केले होते, पण कानाजवळ रंग राहून गेला होता. "जय भीम, सिस्टर," तो म्हणाला. दवाखान्यात चारचौघांसमोर तो तिला सिस्टरच म्हणायचा.

त्याची बायको रत्नमाला उंच, काटक, मोठ्या आवाजाची होती. मागाच्या खटाट्यात आयुष्य गेलेल्या बायकांचा असतो तसा. घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं मशीन होतं; त्याच्यावर बसून तिनं दोन पोरांची शिक्षणं केली होती, हे तिनं पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. पत्रिका हळदकुंकवाची बोटं न लावलेली, निळ्या अक्षरांची होती. ती शालनच्या हातात देत रत्नमालानं तक्रारच केली. जुन्या स्टाफची यादी काढायला सांगितली तर ह्यांना झाडूवाला आठवला, कंपाउंडर आठवला, पण नर्सबाईचं नाव काही यादीत नाही. पिराजीमामांनी विचारलं, बाईंना पत्रिका दिली का, तेव्हा कळलं. चार वर्षं बरोबर काम केलेलं माणूस कुणी विसरतं का? म्हणून तिनंच धरून आणलं होतं.

बुद्धभूषण फरशीकडं बघून 'व्हय' म्हणाला.

शालन आत गेली आणि वाट्या भरून आणल्या. सांज्यातून वाफ निघत होती. पहिली वाटी तिनं रत्नमालाला दिली. दुसरी त्याच्यापुढं धरली तशी रत्नमाला म्हणाली,

"ह्यांना नको ओ. ह्यांना आंबा सोसत न्हाई. घरात पोरं पाट्याच्या पाट्या संपवत्यात, हे बोट लावत न्हाईत."

शालनचा हात वाटीसकट तिथंच राहिला. मग चिवडा आणते, असं काहीतरी ती पुटपुटली.

"असू दे," बुद्धभूषण म्हणाला, आणि त्यानं तिच्या हातातून वाटी घेतली.

तो खाली मान घालून खात होता. वाटी पोळत असावी. मध्येच त्यानं ती डाव्या हातात घेतली, पुन्हा उजव्या. कडेला लागलेलंही त्यानं चमच्यानं निपटून घेतलं. संपल्यावर वाटी खाली ठेवली नाही, तशीच धरून बसला. शालननं न विचारता आणखी वाढलं. रत्नमाला संघप्रियाला मांडववाल्याचं सांगत होती. तिचं बोलणं मध्येच तुटलं. थोड्या वेळानं ते पुन्हा चालू झालं, पण आवाज खाली आला होता.

खाणं झालं तसं रत्नमालानं सगळ्या वाट्या गोळा केल्या. शालन नको नको म्हणत असताना उठून थेट स्वयंपाकघरात आली, नळ सोडला आणि विसळायला लागली. शालन फडकं घेऊन तिच्या शेजारी उभी राहिली. बाहेर बुद्धभूषण संघप्रियाला, कुठल्या शाळेत आहेस, पटावर मुलं किती, असं विचारत होता.

"कसा करतासा सांजा?" रत्नमालानं विचारलं.

शालननं सांगितलं. रवा जाडाच घ्यायचा, तुपात तांबूस करायचा, गूळ आधी, रस अगदी शेवटी. एखाद्या मुलीला औषधाचे डोस सांगावेत तशी ती नीट, क्रमानं सांगत होती. "आणि पाणी साधं न्हाई घालायचं," ती म्हणाली. "साली, कोयी..."

"कोयी कोमट पाण्यात चोळायच्या," रत्नमाला म्हणाली. "त्याच पाण्यात रवा शिजवायचा."

ती टोपलीतल्या कोयींकडं बघत होती. नळ वाहत होता. मग वाटीवर हात फिरवत, मान वर न करता तिनं सांगायला सुरुवात केली. लग्न होऊन पहिलाच उन्हाळा होता. कधी खाण्याचं नाव न काढणारा माणूस एक दिवस स्वतः पिशवीभर रायवळ आंबे घेऊन आला. चुलीपुढं पाट घेऊन बसला आणि असा कर, तसा कर, म्हणून सांगत राहिला. कोयीच्या पाण्याचं तर दोनदा सांगितलं. तिला वाटलं, माहेरी नवऱ्यांचं जे ऐकत होते त्यापेक्षा नशीब चांगलं निघालं आपलं. सांगितला तस्साच केला तिनं.

"एक घास खाल्ला. चांगला झालाय म्हणाले. आणि उठून भाईर गेले. तवापासनं आंबा सोसत न्हाई."

शालन हातातली वाटी पुसत राहिली.

"मला वाटलं, माझा हात चुकला," रत्नमाला म्हणाली. "दरवर्षी करून बघितला. कधी गूळ कमी केला, कधी तूप वाढवलं. पोरं खायची. मी बी खायची." ती थांबली. "तुमचा खाल्ला आज. माझ्यासारखाच लागला."

शालनला सांगायचं होतं की हात चुकला नव्हता. पण ते सांगायचं म्हटलं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. तिनं रत्नमालाच्या हातातून ओली वाटी घेतली. तिची बोटं रत्नमालाच्या बोटांना लागली. दोघींचीही पाण्यानं गार पडली होती.

बाहेर बुद्धभूषण काहीतरी सांगत होता. "नवा शर्ट," एवढं ऐकू आलं, "पहिल्यांदाच घातला होता, आणि तू मांडीवर बसून..." संघप्रिया 'अय्या' म्हणाली. आणि तो हसला.

घसा मोकळा सोडून, थांबता न येणारं, शेवटी खोकल्यात अडकणारं हसू. दवाखान्याच्या बाकावर बसलेली आजारी माणसं त्या हसण्यानं वळून बघायची, आणि इंजेक्शन भरता भरता शालनला ओठ दाबून धरावे लागायचे. तिच्या हातातलं फडकं थांबलं.

रत्नमालानं मान वर केली.

"कोण हसलं?"

शालननं तिच्याकडं बघितलं. दारात अनोळखी माणूस आल्यावर विचारावं तसं तिनं विचारलं होतं.

"शेजारचे गुंडूअण्णा," शालन म्हणाली. "भिंत पातळ हाय. त्यांचं तसंच असतंय."

"व्हय," रत्नमाला म्हणाली.

वाट्या सगळ्या धुऊन झाल्या होत्या. शेवटची शालनच्या हातात होती, कधीच कोरडी झालेली. बाहेर जायला दोघींपैकी कुणीच वळली नाही. रत्नमालानं हात लांबवून नळ घट्ट पिळला, थेंबाचाही आवाज राहू नये असा. मग दोघी तशाच उभ्या राहिल्या, बाहेरच्या खोलीकडं कान लावून.