आबाच्या पाण्याच्या खुणा

आधीच सांगते, मला राग लवकर येतो. पण पाचोडच्या बाजारात पुंडलिकच्या मोबाईलच्या दुकानासमोर मी जो आवाज चढवला, त्यात माझी काडीची चूक नव्हती.

आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की माझा बाप, भिकनआबा, कळप घेऊन गोदावरीपल्याड जायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. कुठं पाणी, कोणता शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसू देतो, कुठल्या गावची कुत्री वाईट, सगळं त्याच्या डोक्यात. पण काचबिंदूनं त्याचा एक डोळा गेला आणि दुसरा जायच्या वाटेवर होता. यंदा कळप माझा धाकटा भाऊ खंडेराव नेणार होता, अन् त्याला वाट अर्धीच ठावी. म्हणून मीच दोन वर्षांपासून आबाला सवय लावलेली, की जिथं थांबशील तिथं फोनच्या नकाशावर चांदणी लाव. अडतीस चांदण्या झाल्या होत्या.

दिवाळीला महिना असताना फोन अडकायला लागला. खंडेरावनं तो पुंडलिककडं दिला, आणि त्या शहाण्यानं सगळं पुसून दिलं. चालू केला तर फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागतोय. ते खातं फोन घेताना पुंडलिकनंच उघडलेलं, स्वतःच्या नंबरवर, आणि तो नंबर त्यानं केव्हाच बंद केलेला. अर्ध्या बाजाराचे फोन त्यानं असेच चालू करून दिलेत. मला म्हणतो कसा, ताई, नवीन खातं फुकटात उघडून देतो. अरे मेल्या, चांदण्या कोण देणार, तुझा बाप?

आबा रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता म्हणाला की जाऊ दे, खंडू विचारत विचारत जाईल. गेल्या उन्हाळ्यात असाच विचारत गेलेल्या एकाची चाळीस मेंढरं पाण्यावाचून मेली, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मी बजाजनगरात खोली करून राहते, वाळूजला एका कंपनीत पॅकिंगला आहे. शेजारच्या खोलीतली श्रेया आमच्याच लाईनला. तिच्या फोनला आम्ही सगळ्या हसायचो, कारण त्यात कुठल्याच मोठ्या कंपनीचं खातं नाही. मीपण हसलेय, खोटं का बोलू. त्या रविवारी तिच्याच दारात जाऊन बसले.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ज्याच्या हाती ससा तो पारधी, रत्नमाला. खातं ज्याचं, चांदण्या त्याच्या. मग माझा फोन पुसून तिनं त्यात दुसरी, खातं न मागणारी मोकळी सिस्टीम घातली. ॲप घ्यायचं दुकानही वेगळं, तिथं ना नाव विचारत ना नंबर. त्यातून लोकांनी मिळून बनवलेला एक नकाशा घेतला. एकदा उतरवला की रेंज नसली तरी चालतो, आणि खुणा आपल्याच फोनात राहतात. जपायचं मात्र तुलाच, असं तिनं दोनदा बजावलं, हरवलं तर भांडायला कुणी नाही. बँकेचं ॲप काही त्यात चालेना. म्हटलं न चालू दे, बँकेत जायला पाय हाईत.

मग मी आठ दिवसांची सुट्टी टाकली. सुपरवायझरनं तोंड वाकडं केलं, करू दे. खंडेरावची मोटरसायकल घेतली आणि आबाला मागं बसवलं. लेकीच्या मागं बसायची त्याला पहिल्या दिवशी लई लाज वाटली, दुसऱ्या दिवशी तोच मला गिअर कधी बदलायचा ते सांगायला लागला. लांबचं त्याला दिसायचं नाही. चप्पल काढून उभा राहायचा, तळव्यानं माती चाचपायचा आणि म्हणायचा, डाव्या हाताला विहीर असंल बघ. असायची.

सहाव्या दिवशी अडतीस खुणा परत झाल्या. मी गाडी घराकडं वळवली तर आबा म्हणाला, थांब.

"ह्या खुणा आता कुणाच्या खात्यात हाईत?"

"कुणाच्याच नाय, आबा. ह्या फोनात हाईत. मी देईन त्यालाच मिळतील."

त्यानं मला सडकेवरून खाली उतरवलं. एका कोरड्या नाल्यात काळ्या खडकाखालचे दगड त्यानं हातानं बाजूला केले आणि आत पाणी होतं. आमच्या घरचा झिरा. भर मे महिन्यात आटत नाही म्हणतात. आमच्यात घरचा झिरा बाप फक्त लेकाला दाखवतो, कारण लेकी दुसऱ्याच्या घरी जातात. लहानपणी इथवर आले की मला मेंढरांजवळ थांबवून आबा पुढं जायचा. पुंडलिकच्या खात्यात त्यानं ही खूण कधी लावलीच नव्हती. परक्याच्या घरात आपलं पाणी कशाला ठेवू, म्हणाला.

मी विचारलं, उद्या खंडूला घेऊन येऊ का?

"खंडूला तू दाव. मला दिसतंय तवर तुला दावून घेतो."

मला रडू आलं, लपवलं नाही. त्याला तसंही नीट दिसत नव्हतं. एकोणचाळिसावी खूण लावली.

खंडेरावला मी अडतीस दिल्या, एकोणचाळिसावी जागेवर नेऊनच दावायची म्हणून ठेवली, आणि तो निघाला. चैत्रात त्याचा फोन आला, नकाशातल्या दोन विहिरी आटल्या, पुढचं पाणी दोन दिवसांवर, कोकरं उभी राहीनात. मी तशीच निघाले. कळपापुढं चालत त्याला नाल्यात नेलं आणि दगड काढले. हा तुला कुणी दाखवला, म्हणाला. आबानं, म्हटलं. त्यानं मेंढरांना हाक घातली.

आबाचा दुसरा डोळा तोवर गेला होता. मी येताना झिऱ्याचं पाणी बाटलीत भरून आणलं आणि काही न सांगता त्याच्या हातात दिलं. त्यानं एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला, मग गिळला.

"त्योच झिरा," म्हणाला. "मेंढरं प्याली का?"

समदी प्याली, आबा.