मानीबाईचा साडेसातचा पाऊस

आमच्या तांड्यात त्या मे महिन्यात रोज सकाळी साडेसातला पाऊस पडत होता, हे आम्हाला तालुक्याच्या ऑफिसातून कळलं. तोवर आम्ही कोरडेच होतो.

मी वर्षा. माहेर राळेगावकडचं. बारावी झाले आणि लालसिंगची बायको होऊन या लखीराम तांड्यात आले. अडतीस घरं, एक शाळा, सेवालाल महाराजांचा पांढरा झेंडा आणि एक विहीर, जी मार्चमध्येच तळ दाखवून मोकळी होते. बोंडअळीने सगळा कापूस खाल्ला त्याच्या पुढचा हा उन्हाळा. शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्याच्या उभ्या वाळल्या होत्या आणि मला सातवा महिना लागला होता. वजन उचलू नको, असं आशाताईने बजावलं होतं. बजावणाऱ्यांचं काय जातं! पाणी दीड कोसावर, पूनमसिंगच्या मळ्यात. पहाटे पाचला निघायचं, रांगेत उभं राहायचं, डोक्यावर दोन गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, घेऊन आठपर्यंत घरी यायचं. टँकर मंजूर झाला की माझी ही पायपीट सुटणार होती. मला तेव्हा देवाकडे दुसरं काही मागायचं नव्हतं.

आता यंत्राचं सांगते. दोन वर्षांपूर्वी सरकारी माणसं जीप घेऊन आली आणि आमच्या घरामागच्या जागेत हवामान मोजायचं यंत्र उभं करून गेली. भोवती जाळीचं कुंपण, मधे पांढरा खांब, खांबावर वाऱ्याने गरगरणाऱ्या वाट्या, आणि बाजूला छातीइतक्या उंचीवर एक पांढरा डबा, वरून नरसाळ्यासारखा उघडा. यंत्राच्या पोटात मोबाइलसारखं सिम होतं. ते तालुक्याला परस्पर सगळं कळवायचं, आम्हाला काही विचारायचं नाही. जागा आमची म्हणून कुंपणाची किल्ली आमच्याकडे, म्हणजे माझ्या सासूच्या कमरेला.

सासूचं नाव मानीबाई. आम्ही तिला याडी म्हणतो, आमच्या बोलीत याडी म्हणजे आई. याडीचा जन्मभराचा नेम, उन्हाळा लागला की पाखरांसाठी पाणी ठेवायचं. आधी ती पळसाला मडकं टांगायची. तिथे मांजर दबा धरून बसायला लागली, तेव्हा याडीने नवी जागा शोधली. मांजर चढत नाही, कुत्रं पोचत नाही, कुलूप आहे, आणि तोंड चांगलं वीतभर रुंद. एप्रिलमध्ये एका सकाळी तिने त्या पांढऱ्या डब्यात पेलाभर पाणी ओतलं. पाच मिनिटांनी जाऊन पाहिलं तर थेंब नाही.

याडीला कोण आनंद झाला. मी पाणी घेऊन आले तर दारातच सांगायला उभी.

"पाह्य वं पोरी, कितली तहान लागली पाखराइले! पाच मिनिटात पेला साफ!"

"तुमी पाह्यली का पाखरं?" मी विचारलं.

"मी उभी राह्यली तं येतीन का थे? लाजतेत."

दुसऱ्या दिवशी तिने दोन पेले ओतले. तेही साफ. आठवड्याभरात पेल्याचा तांब्या झाला. चुलीवर भात ठेवून, अंघोळ न करता, स्वतःच्या वाटणीच्या पाण्यातून याडी रोज साडेसातला पाखरांना तांब्याभर पाणी पाजायची. मी त्या वेळी वाटेवर असायचे, डोक्यावर गुंड. पाखरं पाहायला सवड कोणाला होती? पाणी डब्यातून खाली काळ्या मातीच्या भेगेत जात होतं, आणि भेगा एवढ्या की त्यात कोंबडीचं पिल्लू हरवावं. खांबाच्या बुडाशी तेवढं सरकीचं एक बी रुजलं. सगळ्या तांड्यात हिरवं म्हणून तेवढंच, वीतभर पऱ्हाटीचं रोप.

आमचा टँकरचा अर्ज एप्रिलमध्येच गेला होता. मेच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं: आपल्या गावाचं पर्जन्यमान समाधानकारक असल्यामुळे मागणी अमान्य. लालसिंगने ते दोनदा वाचून दाखवलं. शाळेच्या ओट्यावर बसलेली माणसं वर आभाळाकडे पाहायला लागली.

मग चार दिवसांनी तांड्यात गाडी शिरली. "टँकर आला!" अशी आरोळी उठली. बाया घागरी घेऊन धावल्या, मी पोट धरून धावले, शेजारच्या जमनाबाईने तर ड्रम गडगडत आणला. गाडीतून कॉफीची पन्नास रोपं उतरली.

कॉफीची! सोबत एक रंगीत पुस्तिका होती. तिच्यावर धुक्यात बुडालेला डोंगर आणि टोपली घेतलेली एक आफ्रिकेतली बाई. गाडीवाल्याने सही घेतली आणि जाताना सांगितलं, "रोज सकाळ-संध्याकाळ पानी द्या, जोपासा." जमनाबाईने त्याला ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे लिहीत नाही. संध्याकाळपर्यंत रोपं बकऱ्यांनी खाल्ली. त्यांना चव आवडली.

लालसिंग तीच पुस्तिका घेऊन तालुक्याला गेला. माझा नवरा तसा गरीब माणूस, साहेबासमोर गेला की चप्पल बाहेर काढतो. त्या दिवशी चपलेसकट आत शिरला.

"कॉफी कायले पाठवली, साहेब? आमाले पेयाले पानी नाई!"

तिथल्या डहाके साहेबांनी कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला. "लालसिंगभाऊ, खोटं बोलू नका. रोज बत्तीस मिलिमीटर! तुमच्या तांड्यात नुसत्या एका महिन्यात वर्षाचा पाऊस पडला. आख्ख्या जिल्ह्यात असं गाव नाही. रिपोर्ट वरपर्यंत गेला, आमचं कौतुक झालं."

"अन् ऊन? चव्वेचाळीस डिगरी ऊन हाये तिथं!"

"ते कॉम्प्युटरने दुरुस्त केलं. रोज पाऊस पडतो तिथे चव्वेचाळीस कसं असेल? चोवीस असेल. रोज पाऊस आणि चोवीस तापमान, असं हवामान विषुववृत्तावरच्या डोंगराळ देशात असतं. तिथे कॉफी होते. म्हणून कॉफी."

लालसिंगने आकड्यांचा कागद घरी आणून माझ्यापुढे टाकला. बारावी झालेली घरात मीच. मी वाचायला लागले. एक मे, साडेसात, बत्तीस. दोन मे, साडेसात, बत्तीस. तीन मे, तसंच. पंचमीला बत्तीस, अमावास्येला बत्तीस. एवढा वक्तशीर पाऊस मी जन्मात ऐकला नव्हता. वाचता वाचता माझं लक्ष गेलं ते मागच्या दारात बसलेल्या याडीच्या कमरेच्या किल्लीकडे, आणि तिच्या शेजारी पालथ्या घातलेल्या तांब्याकडे.

मी तांब्या भरला, याडीकडून किल्ली घेतली, कुंपणात गेले आणि डब्यात ओतला. कान लावला. आत टिकटिक टिकटिक असा आवाज येत होता आणि पाणी खाली भेगेत जात होतं.

"याडी," मी म्हटलं, "तुमचं पानी पाखरं नाई पेत. हे यंत्र पेते."

याडी हसली. "लोखंड कदी पानी पेते का वं?"

हा पाऊस मोजायचा डबा, तुमचं पाणी त्यात पाऊस म्हणून मोजलं जातं, असं मी समजावलं. लालसिंगने समजावलं. तिला पटेना. मग मी ओरडले. दीड कोसावरून आणलेलं पाणी तुम्ही मातीत घालता, तुमच्यामुळे टँकर नाही, माझ्या लेकराला काही झालं तर? नको ते सगळं बोलून गेले.  याडी एवढंच म्हणाली, "मंग पाखरं कुठी जातीन?" मला तेव्हा तिचा इतका राग आला होता की ते वाक्य मी ऐकूनही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी लालसिंगने डहाके साहेबांना सगळं खरंखरं सांगितलं. साहेबांनी आधी केबिनचं दार लावलं.

"भाऊ, हे कोणाला सांगितलं तर नाही ना? आता तुमच्या आई उद्यापासून ते पाणी ओतणं बंद करतील, होय ना? अजिबात करू नका!"

"काहून?"

"अहो, रोजचा बत्तीस मिलिमीटर पाऊस असा एका दिवसात थांबतो का? वर शंका येईल. चौकशी लागली तर टँकर राहील बाजूला. पावसाला पावसासारखं जाऊ द्या. परतीचा पाऊस कसा असतो? हळूहळू."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तारीखवार कागद लिहून दिला. पहिले तीन दिवस पाऊण तांब्या. पुढचे तीन दिवस अर्धा. मग एक दिवस कोरडा. आठव्या दिवशी संध्याकाळी चार वाजता एकदम दोन तांबे, म्हणजे वळवासारखं नैसर्गिक वाटेल. मग पेला, मग अर्धा पेला, मग चूळभर. त्यानंतर लागोपाठ दहा दिवस थेंब पडता कामा नये. मग पाऊस नाही असं सिद्ध होईल आणि टँकर मिळेल.

पाऊस नाही हे सिद्ध करण्यासाठी मी दीड कोसावरून डोक्यावर पाऊस आणायला लागले.

लालसिंग घड्याळ पाहायचा, याडी ओतायची, मी कागदावर फुली मारायचे. आठव्या दिवशी चार वाजता दोन तांबे ओतले तेव्हा मी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत पाहत होते. तोंडात थुंकीही नव्हती. जमनाबाई कुंपणाबाहेरून पाहत होती. म्हणाली, "आमच्या दारी कदी पाडान व पाऊस?" आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की शेवटी रडली. मीही रडले. लालसिंगला आम्ही काय करून राह्यलो तेच कळेना.

याडीची तक्रार वेगळीच होती. तिच्या मते सरकारने पाखरांचं राशन कमी केलं होतं. "पाऊण तांब्यात कोनाकोनाचं भागन?" असं ती रोज विचारायची. चुळीचा दिवस आला तेव्हा तिने हळूच बोटं ओली करून डब्याच्या काठाला लावली. आणि दहा कोरडे दिवस सुरू झाले तशी ती कुंपणाला धरून उभी राहायला लागली. तिसऱ्या दिवशी मी तिला पदराआड पेला लपवताना पकडलं. लालसिंगने तिच्या कमरेची किल्ली सोडून घेतली. सत्तर वर्षांच्या बाईच्या कमरेची किल्ली पोराने काढून घ्यावी, हे मला पाहवलं नाही, पण मी त्याला थांबवलंही नाही. मला टँकर पाहिजे होता.

खांबाच्या बुडाचं ते पऱ्हाटीचं रोप सहाव्या दिवशी वाळलं. दहाव्या दिवशी कागद वर गेला आणि बाराव्या दिवशी खरोखरचा टँकर आला. कॉफी नाही, पाणी. मी ड्रमात हात कोपरापर्यंत बुडवून उभी राहिले. पोटातल्याने लाथ मारली. याडीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ड्रमातून पहिलं पाणी घेतलं ते मातीच्या वाडग्यात. वाडगं तिने मागच्या भिंतीवर ठेवलं, स्वतः दारात बसली, आत पार अंधारात, पाखरांना दिसू नये अशी.

संध्याकाळी वाडगं भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पाणी बदललं, भोवती चार ज्वारीचे दाणे टाकले. संध्याकाळी पाणी तेवढंच, दाणे चारच. आता मी डोक्यावर गुंड घेऊन वाटेवर नव्हते, घरीच होते, म्हणून मीही पाहत होते. पळसावर कोणी नव्हतं. तारेवर कोणी नव्हतं. मी आठवायला लागले, चिमणी शेवटची कधी पाहिली? बोंडअळीवरच्या फवारणीच्या आधी? त्याच्याही आधी? आठवेना. पहाटे पाचला मी रोज दीड कोस चालले, आणि एकदाही काही चिवचिवलं नव्हतं. माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

याडी त्या रात्री जेवली नाही. अंथरुणावर पडून म्हणाली, "मंग इतले दिवस पेत कोन होतं वं?"

लोखंड, असं मी तिला महिन्याभरापूर्वी ओरडून सांगितलं होतं. आता मी तिचे पाय चेपत बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात बसल्या बसल्या याडीचा डोळा लागला. मी मागे गेले, भिंतीवरचं वाडगं उचललं आणि उभ्यानेच पिऊन टाकलं. पाणी कोमट होतं, धुळीचं लागत होतं. तळाला घोटभर ठेवलं. ज्वारीचे दाणे उचलून तोंडात टाकले आणि वाडगं होतं तसं ठेवून दिलं.

याडी उठली तशी भिंतीकडे गेली. बराच वेळ आत वाकून पाहत राहिली.

"आलती वाटते," मी भांडी घासता घासता म्हणाले.

"तू पाह्यली?"

"पाह्यली नं. पाच-सा होत्या. चिमण्या."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या ओल्या हनुवटीकडे पाहिलं. मग वाडगं पदराने पुसलं आणि आत जाऊन दुसरंही घेऊन आली.

"मंग उद्यापासून दोन ठेवू," याडी म्हणाली. "दोन जिवाची तहान हाये, एका वाडग्यात कसं भागन?"