ॲसिड वर, कॉस्टिक खाली

कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या यादीत रसायनशास्त्राचे वीस विषय होते, आणि त्यांतल्या एकोणीस विषयांशी मामांचा काडीचा संबंध नव्हता. मोल संकल्पना, अणुरचना, रासायनिक बंध, ऊष्मागतिकी, समतोल अशी ती यादी मुलीच्या बारीक अक्षरात खाली उतरत गेली होती. मामा रोज सकाळी दाढी करताना ती वरपासून वाचत, आणि अल्डिहाइडपाशी आले की त्यांची जीभ अडखळे. पण सगळ्यात खाली, विसाव्या जागी, 'प्रात्यक्षिक रसायनशास्त्र' असं लिहिलं होतं. तिथे पोचले की त्यांचा चेहरा खुले. तेवढा एक विषय त्यांच्या हातातला होता.

तसे ते मुलीचे बाबा. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून सव्वीस वर्षं काढल्यावर माणूस सगळ्यांचा मामा होतो, तेव्हा आपणही त्यांना मामाच म्हणू. बाटल्या भरायच्या, नळ्या धुवायच्या, प्रत्येक टेबलावर ज्याची त्याची काच मांडायची, हे त्यांचं काम. नायट्रिक ॲसिडने त्यांची बोटं कायमची पिवळी पडली होती. परीक्षेत एखाद्या पोराच्या तोंडचं पाणी पळालं की ते मामांकडे बघे, आणि मामांनी नुसती भुवई वर केली की 'हे क्लोराइड नव्हे' एवढं त्याला समजे. हे नियमात बसत नाही हे मामांनाही ठाऊक होतं. पण पोरं पास व्हायची आणि मामांना बरं वाटायचं.

मुलीची ही तिसरी खेप होती. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला तीनदाच बसता येतं, चौथ्यांदा दार बंद, असा त्या परीक्षेचा नियम. पहिल्या वेळी ती पुष्कळ मागे राहिली, दुसऱ्या वेळी थोडी. जीवशास्त्र तिला तोंडपाठ होतं, भौतिकशास्त्राशी तिने कसंबसं जमवून घेतलं होतं, घोडं अडत होतं ते रसायनशास्त्रात. आई इस्पितळाच्या धुलाईखात्यात होती. दिवसभर डॉक्टरांचे पांढरे कोट इस्त्री करून घड्या घालायची, आणि आपल्या पोरीला कोणत्या मापाचा कोट लागेल हे तिने केव्हाच नजरेने ठरवून ठेवलं होतं. नवऱ्याला ती म्हणायची, अहो, सव्वीस वर्षं रसायनशास्त्राची भांडी घासलीत, त्यातलं थोडं तरी पोरीला लागू द्या.

मामांना ते लागलं. त्यांनी विभागप्रमुखांच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं, आणि शनिवारी दुपारी, वर्ग सुटल्यावर, मुलीला प्रयोगशाळेत आणायची परवानगी मिळवली.

ते शनिवार म्हणजे मामांच्या आयुष्यातला सोन्याचा काळ. ते टेबल दोनदा पुसत. रंग नीट दिसावा म्हणून पांढरी फरशी मांडत, तिच्यावर काचेचा फ्लास्क, वर स्टँडला उभी ब्युरेट. ब्युरेट म्हणजे आकडे कोरलेली लांब काचेची नळी, खाली काचेचीच तोटी. तोटी डाव्या हाताने अशी धरायची, थेंब असा सोडायचा, आकडा वाचताना डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा. फ्लास्कमध्ये कॉस्टिक सोड्याचं पाणी, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, की लख्ख गुलाबी रंग. मग वरून ॲसिड थेंबाथेंबाने सोडायचं. एका थेंबाला तो गुलाबी रंग जातो. तिथे थांबायचं.

मुलगी शिकत होती. घरी पुस्तकापुढे बसून आखडलेली तिची मान इथे सैल पडायची. एकदा तर ती हसत म्हणाली की बाबा, तुम्ही आमच्या क्लासच्या सरांपेक्षा बरं शिकवता. घरी जाताना मामा रस्ताभर स्वतःशीच हसत होते. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

"ॲसिड वर, कॉस्टिक खाली," हे ते दर शनिवारी सांगत. पाचव्या की सहाव्या शनिवारी तिने विचारलं की असं का. उलटं घेतलं तर काय होतं?

खरं उत्तर अगदी साधं होतं. कॉस्टिक काचेला खातं. ब्युरेटमध्ये ते राहिलं तर तोटी आपल्या जागी घट्ट बसते आणि काही केल्या फिरत नाही. फार वर्षांपूर्वी पोरांनी अकरा ब्युरेटी अशा अडकवून ठेवल्या होत्या, आणि तेव्हाच्या विभागप्रमुखांनी साऱ्या वर्गासमोर मामांची हजेरी घेतली होती. गरम पाण्यात फडकी बुडवून ते दोन दिवस तोट्या सोडवत बसले होते. त्या दिवसापासून या प्रयोगशाळेत ॲसिड वर आणि कॉस्टिक खाली. पोरांना शास्त्र काय ते सर शिकवत, हा नियम मामांचा होता.

पण हे मुलीला सांगायला त्यांची जीभ रेटेना. ती समोर वही उघडून बसली होती, पेन टेकवून, सरांसमोर बसावं तशी. तिला काय सांगायचं, की तुझ्या बापाला तोट्या सोडवायला लागू नयेत म्हणून? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"शास्त्रच आहे ते," मामा म्हणाले. "कॉस्टिक कधी वर घ्यायचंच नाही. घेतलं की प्रयोगच चूक."

तिने ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. मामा ब्युरेट धुवायला वळले.

परीक्षा झाली. निकाल लागला. तीन गुणांनी गेली.

पुष्कळ गुणांनी गेलेलं माणूस रडून मोकळं होतं. तीन गुणांचं काय करायचं हे कुणालाच कळेना. आई कामावर गेली आणि तिथून लवकर परत आली, कोटांच्या घड्या घालवेनात म्हणून. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी उठून तिने यादी कपाटावरून काढली, आणि डिंकाचे चार डाग तेवढे दारावर राहिले. मामांनी हळूच विचारलं की कुठे गेले गुण. ती म्हणाली, सेंद्रिय रसायनाने घात केला, अमाइन्स आणि ते सगळं. मामांनी आणखी हळू विचारलं, आणि विसावा विषय?

"तो सगळा बरोबर आला, बाबा," ती म्हणाली.

मामांना आनंद झाला. पोरीचं आयुष्य मातीत गेलं होतं आणि बापाला आनंद झाला, याची त्यांना स्वतःलाच शरम वाटली, पण झाला तो झाला. प्रयोगशाळेत त्यांनी चार जणांना तरी सांगितलं की आमची तीन गुणांनी गेली खरी, पण प्रात्यक्षिकात एक प्रश्न चुकला नाही.

ते ऐकून विभागातल्या नव्या बाई म्हणाल्या की प्रश्नपत्रिका असेल तर आणा, मला वर्गात सोडवून घ्यायला होईल. मामांनी घर धुंडाळलं. आईने रद्दीत घालायला काढलेल्या गठ्ठ्यात तळाशी, जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत, ती सापडली. इतकी आत कुणी ठेवली असेल, असं त्यांच्या मनात आलं, पण ते तिथेच राहिलं. पत्रिका पिशवीत घालून ते ताठ मानेने कामावर गेले.

बाई टेबलाशी उभ्या राहूनच पानं उलटू लागल्या. उत्तरांच्या कागदावर शाईने खुणा करायच्या आधी मुलीने इथे पेन्सिलीने केल्या होत्या. विसाव्या विषयाचे तीन प्रश्न होते. पहिला बघून बाईंनी मान डोलावली, दुसरा बघूनही डोलावली. मामा हात मागे बांधून उभे होते. तिसऱ्यावर बाई थांबल्या.

खालीलपैकी कोणतं विधान चुकीचं आहे, असा तो प्रश्न होता. दुसरं विधान असं होतं: ब्युरेटमध्ये कॉस्टिक सोडा घेऊन तो फ्लास्कमधल्या आम्लात सोडला, तर फिनॉल्फ्थॅलीन शेवटी रंगहीनाचं गुलाबी होतं. तिसरं विधान: मिथिल ऑरेंज आम्लात पिवळं असतं.

"तिसरं चूक आहे. आम्लात ते लाल होतं," बाई म्हणाल्या. "तिने आधी तिसऱ्यावरच खूण केली होती बघा. मग खोडली आणि दुसऱ्यावर केली. दुसरं तर अगदी बरोबर विधान आहे, मामा. कॉस्टिक वर घेतलं तरी काय बिघडतं?"

मामांनी चष्मा लावला. खोडलेली खूण दिसली. दुसरी खूण दिसली. आणि तिच्या शेजारी, समासात, मुलीचं ते बारीक अक्षर दिसलं. 'बाबा: ॲसिड वरच.'

बाईंनीही ते वाचलं असावं. पत्रिका मिटून त्यांनी मामांच्या हातात दिली आणि वर्गाची वेळ झाली असं सांगून निघून गेल्या. वर्गाला अजून अर्धा तास होता.

मामांना मोल संकल्पना येत नव्हती, पण एवढी बेरीज येत होती. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला एक वजा, म्हणजे त्या एका खुणेवर पाच गुण गेले होते. पोरीला हवे होते तीन. त्यांनी ते पुन्हापुन्हा करून बघितलं, कुठे चुकतंय का म्हणून. एवढ्या सोप्या बेरजेत चूक तरी कुठून निघणार?

संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघराच्या ओट्याशी भांडी विसळत होती. आई अजून आली नव्हती. मामांनी पत्रिका ओट्यावर ठेवली. तिने ती बघितली, नळ बंद केला आणि हात पुसले.

"हे टाकून द्यायला सांगितलं होतं मी आईला," ती म्हणाली.

मामांनी विचारलं की मग सेंद्रियचं का सांगितलंस. ती म्हणाली की सेंद्रियमध्येही चुकलंच होतं की, ते काही खोटं नाही. हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं, हे तिलाही दिसत होतं.

"दोन विधानं चूक दिसत होती, बाबा," ती शेवटी म्हणाली. "एक पुस्तकाप्रमाणे आणि एक तुमच्या सांगण्याप्रमाणे. पुस्तकातलं माझं पाठांतर चुकलं असेल, असं वाटलं. तुमचं कसं चुकेल?"

मामांना तिला सांगायचं होतं की माझं ते शास्त्र नव्हतं. अकरा ब्युरेटी अडकल्या होत्या, मला सगळ्यांसमोर बोलणं खावं लागलं होतं, आणि तुझ्यापुढे तेवढा वेळ मला मोठं व्हायचं होतं. पण ते सांगायच्या आधी तिनेच पुढे होऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि खुंटीला लावली. तुम्ही हातपाय धुऊन घ्या, म्हणाली. ती रागावली असती, भांडी आपटली असती तर त्यांना जरा तरी सोसलं असतं. ती आयुष्यभर रागावणार नाही हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि त्यांना वाटलं की आता यातून आपली सुटका नाही.

पुढच्या सोमवारी नव्या वर्षाचं पहिलं प्रात्यक्षिक होतं. मामांनी टेबलं पुसली, पांढऱ्या फरश्या मांडल्या, स्टँडला ब्युरेटी लावल्या. मुलं नवे पांढरे कोट घालून आत आली. त्यांतली पुष्कळशी पुढच्या वर्षी त्याच परीक्षेला बसणार होती. सव्वीस वर्षांच्या सवयीने मामांच्या तोंडून निघून गेलं, ॲसिड वर, कॉस्टिक खाली. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या एका मुलीने वही उघडली, पेन टेकवलं आणि विचारलं की मामा, असं का?

मामा तिच्याजवळ गेले. तिच्या ब्युरेटची तोटी त्यांनी दोन बोटांनी फिरवून दाखवली.

"ही काच आहे," ते म्हणाले. "कॉस्टिकने ती अडकते, आणि मग सोडवायला मला त्रास होतो. एवढंच. ते काही शास्त्र नाही, बाळ. लिहून घे."

मुलीने लिहून घेतलं. सांगायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. मामा पुढच्या टेबलाकडे वळले, ॲसिडची बाटली उचलली आणि ब्युरेट भरू लागले.