सव्वादोनच्या बांगड्या

विमलाबाईंना सुनेचं कौतुक नव्हतं असं म्हणायची कुणाची छाती आहे? गिरगावातल्या दोन खोल्या सोडून त्या मीरा रोडला सिल्व्हर पार्कात राहायला आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी भाजीवालीलासुद्धा त्यांनी सांगून टाकलं होतं, "आमची सून एमडी आहे बरं का!" तळमजल्यावर मनालीचा दवाखाना होता. सकाळ-संध्याकाळ बाकं भरलेली असायची, आणि पेशंट जाता जाता वर गॅलरीकडे बघून विमलाबाईंनाही नमस्कार ठोकायचे. माणसाला आणखी काय हवं? पण नाही. मनालीला आणखी तीन वर्षं शिकायचं होतं, आणि तेही कुठे, तर चंदीगडला.

"कसलं गं हे शिक्षण?" विमलाबाईंनी विचारलं.

"एंडोक्रिनॉलॉजी. शरीरातल्या ग्रंथींचं. थायरॉइड, डायबेटिस, मुलांची उंची वाढत नाही ते..."

"मग डायबेटिसच्या गोळ्या तू आत्ता देत नाहीस होय?"

"देते हो आई. पण..."

"पण नाही नि बिण नाही. चालता दवाखाना बंद करायचा म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं. आणि निहार चार वर्षांचा आहे, विसरलीस वाटतं?"

मनालीने वाद घातला नाही. तिची निवड झाली होती, रथसप्तमीनंतर हजर व्हायचं होतं, नवऱ्याचा म्हणजे साईराजचा होकार होता. पण ती म्हणाली, "आई, तुम्ही मनापासून जा म्हणालात तरच जाईन." आता तुम्हीच सांगा, असं बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? विमलाबाई आठवडाभर नुसती भांडी आपटत राहिल्या.

त्यात संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. साल चौऱ्याण्णव. यंदा वाण होतं काचेच्या बांगड्यांचं. विमलाबाईंनी भाईंदरच्या बाजारातून बिल्डिंगमधल्या एकेकीच्या मापाच्या बांगड्या आणल्या होत्या, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या दुर्गेसाठी सव्वादोनच्या, हिरव्यागार. दुर्गा रत्नागिरीकडची, वयाने लहान, पण पाच वर्षांची जिवाभावाची शेजारीण. साखर, टँकरचं पाणी आणि नवऱ्यांच्या तक्रारी, सगळं दोघींनी वाटून घेतलेलं.

मनाली बांगड्या भरायला बसली. दुर्गेच्या हातात काही केल्या बांगडी जाईना. साबण लावून पाहिला. जोर लावता लावता एक बांगडी वाढवली, तरी नाही.

"अगं बाई, पाणी मानवलं हो दुर्गेला!" विमलाबाई म्हणाल्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेनने लगेच री ओढली, "दो साल में कितनी भर गयी, देखो ना!"

बायका हसल्या. आमच्या मीरा रोडची ही रीतच होती. कुणी जाड झालं, पाणी मानवलं. कुणाचं तोंड सुजलं, तरी पाणीच मानवलं. नळाला पाणी दिवसाआड, तेही करंगळीएवढं, पण मानवायचं मात्र सगळ्यांना! दुर्गाही हसली आणि तिने हात पदराखाली घेतला.

मनाली हसली नाही. तिने तो हात पुन्हा ओढून घेतला, बोटं चाचपली, आणि भर हळदीकुंकवात विचारलं, "काकू, चपलेचं माप बदललंय का? डोकं दुखतं? पाळी नीट येते का?"

दुर्गेचा चेहरा खर्रकन उतरला. अत्तर लावायच्या आधीच ती उठून गेली.

बायका पांगल्यावर विमलाबाईंचा तोंडाचा पट्टा सुटला. "तुझ्या जिभेला काही हाड? सवाष्णीला कुंकू लावायला बोलावलं आणि चारचौघींत रोगी ठरवून पाठवलीस! हेच शिकायचंय का चंदीगडला?"

"सगळ्यांसमोर विचारायला नको होतं, चुकलंच माझं," मनाली म्हणाली. "पण आई, त्यांना तपासायला हवं. लवकर."

दुसऱ्या दिवशी दुपारी विमलाबाई तिळगुळाची वाटी घेऊन दुर्गेची समजूत काढायला गेल्या. दार उघडलं ते दुर्गेनेच. पायांत नवऱ्याच्या सपाता.

"अगं, दत्तारामच्या सपाता घालून काय फिरतेस?"

झालं, दुर्गेला रडूच फुटलं. "माझ्या चपला मला होत नाहीत विमलाताई. जोडवी सोनाराकडून कापून घेतली. गावाला लग्नाला गेले, तर सख्ख्या मामेबहिणीने मला ओळखलं नाही हो! यांना सांगितलं तर म्हणतात, पाणी मानवलंय. तुम्हीसुद्धा तेच म्हणता. मग मला वाटायला लागलं, आपल्यालाच वेड लागलंय."

विमलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पाच वर्षं रोज बघत होत्या, पण असं पाहिलं पहिल्यांदाच. जबडा रुंद झालेला, नाक पसरलेलं, ओठ जाड. ही पोरगी अशी कधी झाली? आणि आपण हसत बसलो! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "तोंड धू आणि चल माझ्याबरोबर."

मनालीने दवाखान्याचं दार लावून घेतलं आणि दुर्गेला सावकाश तपासलं. हात, पाय, जीभ, दात, डोळ्यांना बाजूचं किती दिसतं तेसुद्धा. मग तिच्याजवळ बसली.

"काकू, तुम्हाला वेडबीड काही लागलेलं नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यात बहुतेक गाठ झालीय. मोठ्या माणसालाही वाढवत नेते ती. हा कॅन्सर नव्हे, आणि याच्यावर उपाय आहे. मुंबईला माझे सर आहेत, मी स्वतः येते तुमच्याबरोबर."

दुर्गेने तिचा हात घट्ट धरला. कुणीतरी आपलं खरं मानलं, एवढ्यानेच तिचा अर्धा जीव परत आला होता.

"सरांकडे कशाला?" विमलाबाई म्हणाल्या. "तुला कळलं ना? मग तूच दे औषध."

"ओळखता आलं आई, एवढंच. ऑपरेशननंतर काय बघायचं, कुठलं औषध किती द्यायचं, पुढे जन्मभर यांना कसं सांभाळायचं, ते मला येत नाही." मनालीने मान खाली घातली. "येत नाही म्हणून तर शिकायचं होतं."

संध्याकाळी विमलाबाई पोळ्या लाटायला बसल्या. मनाली पोळ्या भाजत होती. तिसऱ्या-चौथ्या पोळीला विमलाबाई एकदम म्हणाल्या, "जा तू चंदीगडला."

मनालीने वळून पाहिलं. "मनापासून म्हणताय?"

"नाही!" विमलाबाई म्हणाल्या. "मनापासून कसं म्हणू? दवाखाना, निहार, सगळी निमित्तं होती गं. मला मुलगी नाही. तू आलीस आणि ती उणीवच विसरले मी. तू गेलीस की हे घर खायला उठेल मला."

मनालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "मग नाही जात मी, आई. खरंच नाही जात."

"खबरदार!" विमलाबाईंनी लाटणं उगारलं. "आणखी किती बायका आपल्याला वेड लागलं म्हणून घरात तोंड लपवून बसल्या असतील, त्यांना कोण बघणार? मी? निहारला मी सांभाळते. आणि मला रडू येईल तेव्हा मी रडेन, त्याला तुझी परवानगी नको!"

मनाली त्यांच्या गळ्यात पडली. विमलाबाईंनी पिठाच्या हातांनीच तिला कवटाळलं, आणि तव्यावरची पोळी करपून घरभर धूर झाला तरी सोडलं नाही.