खुर्ची फिरली, कान तेच

त्या दुपारी गच्चीवर मायलेकी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. म्हणजे घालत होती आई. लेकीच्या एका हातात चादरीचं टोक होतं आणि दुसऱ्या हातात पुस्तक.

"आज मी काकांना तुझ्या धाकट्या भावाबद्दल सांगितलं," आई म्हणाली.

"मला कुठे भाऊ आहे?"

"तेच तर! बोटीवर आचारी आहे. दिवसभर मासे तळतो आणि स्वतः माशाला शिवत नाही. तुझं नि त्याचं वाजलंय, म्हणून तू घरात त्याचा विषय काढू देत नाहीस."

"आई, हे काय भलतंच?"

"अगं, मागच्या खेपेला मी म्हटलं, माझं सगळं छान चाललंय. बिचाऱ्याचा चेहराच उतरला. कुणाच्या दारी रिकाम्या हाताने कसं जायचं?" चादर झटकत आई खुदकन हसली. "बोट वादळात अडकवून आलेय. पुढच्या वेळी त्याचं लग्न लावणार."

लेक नुसतं "हं" म्हणाली आणि तिने पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा शोधता शोधता आई खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. चष्मा डोक्यावरच होता.

काका हे कुणाचेच सख्खे काका नव्हते. तळमजल्यावर 'मनमोकळं केंद्र' चालवणारे ते समुपदेशक. शिवाय ते इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष होते, निम्म्या भाडेकरूंचे घरमालक होते आणि लग्नंही जुळवून देत. एकाच माणसाकडे इतकी कामं म्हटल्यावर कुणीतरी विचारलंच, "काका, मी तुमच्याजवळ रडलो ते घरमालकाला कळणार नाही ना?"

काकांनी आपली फिरती खुर्ची दाखवली. "खिडकीकडे तोंड असलं की मी समुपदेशक. दाराकडे असलं की अध्यक्ष आणि मालक. खुर्ची फिरली की कान बदलतात."

लोकांना हे पटलं. लोकांना काय, खुर्ची गुळगुळीत फिरत होती.

पुढे एकदा खुर्ची भिंतीकडे फिरली आणि काकांच्या तोंडून शिंप्याचे दिवंगत वडील बोलू लागले. "कोट कसरीने नाही खाल्ला, तू इस्त्रीने जाळलास!" शिंप्याने कान पकडले. खरंच जाळला होता! त्यानंतर भिंतीकडून कुणाची सासू बोलली, कुणाचा आजोबा. दर रविवारी इमारतीचं सभागृह ओसंडून वाहू लागलं. दाराशी खुर्ची टाकून गर्दी आवरायला बसायची लेकीची मावशी. मावशी काकांकडे मन मोकळं करायची, काकांचे फोन घ्यायची, काकांच्या घरात भाड्याने राहायची.

मावशीच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली होती. पण आई गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी भिंतीकडून निरोप आला, "छोटे, अंगाला चाकू लावू देऊ नकोस गं."

"ताईचा शब्द मोडायचा नाही मला," मावशी म्हणाली.

"मावशी, आई स्वतः दाढ काढायला धावत गेली होती."

"तेव्हा जिवंत होती. आता तिला जास्त दिसतं."

जिना चढताना मावशी आता मधेच कठड्याला धरून उभी राही आणि ओठ निळसर पडत. लेक छापखान्यात मुद्रितं तपासायची. चूक दिसली की तिच्यावरून नजर पुढे सरकत नसे. पुढच्या रविवारी ती सभागृहात पहिल्या रांगेत जाऊन बसली.

काकांनी डोळे मिटले. "वेदनेचा कंप माझ्या मणक्यातून वर चढतोय. मानेशी आलाय. कुणीतरी आई आहे..." मग एकदम खुर्ची दाराकडे गर्रकन फिरली. "उद्या टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा." खुर्ची पुन्हा भिंतीकडे. "हां. आईच आहे. बाळ, तू आलीस?"

आईने तिला जन्मात बाळ म्हटलं नव्हतं. 'अगं ए' म्हणायची.

"आले," ती म्हणाली.

"तुझ्या भावावर राग धरू नकोस गं!"

सभागृहात कुजबुज उठली. "हिला भाऊ आहे?" मावशी दारातून पुढे आली. "ताईला मुलगा? आणि मला पत्ता नाही?" तिने क्षणभर आढ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "मी शिकायला बाहेरगावी होते, तेव्हाच! म्हणून त्या वर्षीच्या फोटोंत ताईचे कपडे सैल दिसायचे!"

"तो हल्ली कुठे असतो, आई?" लेकीने विचारलं.

"बोटीवर आचारी आहे. मासे तळतो, पण स्वतः माशाला शिवत नाही."

मागच्या रांगेतून एक टॅक्सीवाला उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. "लहानपणी आई मला म्हणायची, तुला आम्ही कुठून तरी उचलून आणलाय. आणि मी पण मासे खात नाही." तो तिच्याकडे वळला. "ताई?"

"जरा बसा," ती मऊपणे म्हणाली. मग भिंतीकडे बघून, "बोट वादळात सापडली होती ना? मग पुढे काय झालं?"

खुर्ची इकडे थोडी हलली, तिकडे थोडी हलली.

"पुढचं... धूसर आहे. पलीकडे धुकं असतं."

"वादळापर्यंत लख्ख दिसतं आणि लगेच धुकं?" ती उभी राहिली. "मला भाऊ नाही. कधीच नव्हता. तुमच्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून आईने तो रचला. शेवटच्या भेटीत तिने बोट वादळात सोडली आणि लग्न पुढच्या भेटीसाठी राखून ठेवलं. ती भेट झालीच नाही, म्हणून तुम्हाला पुढचं येत नाही. माझी आई वरून बोलत असती, तर लग्नाला किती माणसं आली इथपर्यंत सांगून मोकळी झाली असती."

"पण माझे वडील?" शिंपी ओरडला. "कोटाचं त्यांना कसं कळलं?"

"तुम्ही ते आधी कुणाला सांगितलं होतंत?"

"कुणालाच नाही! फक्त काकांना."

"तेव्हा काकांचं तोंड कुठे होतं?"

शिंप्याने खिडकीकडे पाहिलं. "खिडकीकडे."

मग रांगेरांगेतून "खिडकीकडे", "मी पण खिडकीकडे" असं सुरू झालं. एका बाईने शेजारणीला विचारलं, "म्हणजे सासूबद्दल मी खिडकीकडे जे वाईट बोलले, ते सासूने मला माझ्याच शब्दांत ऐकवलं?"

"हा विश्वासघात आहे!" काका कडाडले. "खिडकीकडे ऐकलेलं मला भिंतीकडे ठाऊक नसतं. कान बदलतात!"

"कान बदलत असतील. डोकं एकच आहे ना?"

पहिला हसला तो टॅक्सीवाला. मग सगळे हसले. फक्त मावशी हसली नाही.

"मला चाकूची भीती वाटते," ती हळूच म्हणाली, "हे मी फक्त त्यांनाच सांगितलं होतं. ताईपुढे मी कायम धीट असल्याचं दाखवायचे. मग ताई नेमकं तेच बोलली, तेव्हा मला वाटलं, तिने ओळखलं."

लेकीने तिचा हात धरला. "मावशी, तू दवाखान्यात गेलीस तर यांच्या दाराशी कोण बसेल? ज्याला तू दाराशी हवी आहेस, त्याने तुझ्या ऑपरेशनबद्दल सल्ला द्यायचाच नसतो. चांगला समुपदेशक पहिल्याच दिवशी सांगतो, मी तुमचा मालक आहे, तुम्ही दुसरं कुणी बघा." ती लोकांकडे वळली. "दुःख झालं की बोलायला माणूस लागतोच, त्यात लाज कसली? पण तो तिथे फक्त आपलं ऐकणाराच असावा. आणि मेलेलं माणूस बोलतंय असं कुणी म्हटलं, तर एवढंच विचारा: आपण आधी कुणाला सांगितलं नाही असं ते काय सांगतंय?"

काकांनी सवयीने खुर्ची दाराकडे फिरवली, पण अध्यक्षांकडेही कुणाचं काम नव्हतं.

बाहेर पडताना टॅक्सीवाला घुटमळला. "म्हणजे मी तुमचा भाऊ नाही?"

"नाही हो."

"मग ते मासे न खाण्याचं काय?"

"तुम्हाला आवडत नाहीत, एवढंच."

"हां," तो विचार करून म्हणाला. "तेही आहेच. पण मावशींना दवाखान्यात मीच सोडीन."

त्याने सोडलंही. ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्धीवर येताच मावशीने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "तुमचं दुसरं काही नाही ना चालत? घरं वगैरे?" त्या म्हणाल्या, "छे हो, एवढंच निभावतं कसंबसं."

संध्याकाळी लेक गच्चीवर गेली. चादरी वाळून कडक झाल्या होत्या. एकटीने घडी नीट बसेना. तिने दोन टोकं दोरीवर चिमट्यांनी पक्की केली, उरलेली दोन हातात घेतली आणि मागे सरत चादर ताणली. पुस्तक खालीच ठेवून आली होती. वाऱ्याने चादर मधोमध फुगली.

"अगं आई," ती मोठ्याने म्हणाली, "मग पुढे काय झालं?"