गिरणीचं हेलिपॅड

त्या रविवारी संयोगिता पाचगणीहून आली, तेव्हा तात्या हेलिपॅडवर पालथे पडले होते. गाल सिमेंटला टेकवलेला, एक डोळा मिटलेला. आष्ट्याबाहेरच्या माळावरची ही सूतगिरणी बंद पडून नऊ वर्षं झाली होती. मालकाचं हेलिकॉप्टर त्याच्याही आधी यायचं थांबलं होतं. यंत्रं भंगारात गेली. उरला तो हा सिमेंटचा गोल आणि तो राखायला ठेवलेले तिचे वडील.

"आवं, उठा की. माणसं बघत्यात."

"बघू देत. उभ्यानं बारका खडा दिसत न्हाई. आडवं झालं की त्याची सावली दिसती." त्यांनी हरभऱ्याएवढा खडा उचलून खिशात टाकला. "पंख्याच्या वाऱ्यानं ह्यो उडाला, तर गोफणीतनं सुटल्यागत लागतो."

"पण येणार कोण हाय हितं?"

"आलं तर?"

फौजेत असताना जखमींना उचलायला हेलिकॉप्टर यायचं, तेव्हा अशीच जागा साफ करायचं काम त्यांच्याकडे असे. ती शिस्त अंगातून गेली नव्हती. गोलात कुणी पाऊल टाकलेलं त्यांना खपत नसे. कुंपणापलीकडे शेरडं राखणाऱ्या मनुबाईनं एकदा तिथं मिरच्या वाळत घातल्या, तर त्यांनी त्या पोत्यात भरून तिच्या दारात नेऊन ठेवल्या होत्या. ती महिनाभर बोलली नव्हती.

आता ती तारेला टेकून म्हणाली, "लेकीला बी झोपवा की शेजारी. चार डोळं झालं तर लवकर उरकंल."

"तू तुझी शेरडं आवर आधी," तात्या पडल्या पडल्याच म्हणाले.

संध्याकाळी गोळ्यांची आठवण करून देऊन संयोगिता एसटीत बसली.

गुरुवारी, ती पाचगणीत शिकवत होती त्या शाळेच्या मधल्या सुट्टीत तिनं फोन लावला. तात्यांनी उचलला नाही. तीनदा लावला. दिवाळीत सांगलीला त्यांच्या हृदयात स्टेंट बसवल्यापासून नुसता वाजत राहिलेला फोन तिला सहन होत नसे. शेवटी तिनं मनुबाईला लावला. मनुबाई बोलत बोलतच कुंपणाशी गेली.

"हायत की. पालथं पडल्यात. खडं बघत्यात न्हवं का. हाक मारू?"

संयोगिताचा जीव भांड्यात पडला. तासाची घंटा झाली होती. "नको मावशी. चिडतात. असू दे."

चार वाजता मनुबाई शेरडं घेऊन परतली, तेव्हा ते तिथंच, तसेच होते. तेव्हा त्या मिरच्यांनंतर ती पहिल्यांदाच गोलात शिरली.

डॉक्टर म्हणाले, दुपारीच गेले असावेत. दुपारी किती वाजता, हे कुणालाच सांगता आलं नाही.

घरी माणसांची रीघ लागली. चुलते लालासाहेब येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होते, "ती बाई तारेजवळ उभी ऱ्हाऊन बघून गेली. हाक मारायचं सुचलं न्हाई तिला." मनुबाई खाली मान घालून म्हणे, "मला वाटलं खडं बघत्यात." फोनचं ती बोलत नव्हती. ती उंबऱ्याशी आली की संयोगिता कान देऊन बसे. आज सांगेल, आत्ता सांगेल. ती न सांगता निघून गेली की संयोगिताला हलकं वाटे आणि त्या हलकेपणाची तिला किळस येई. एकदा दोघींची नजर भिडली. मनुबाईनंच आधी वळवली.

तेराव्याला मनुबाई मांडवाच्या कडेला पंगतीत बसली. लालासाहेबांनी तिला बघितलं.

"आज काय बघायला आलीस? लांबनं बघायची सवय हाय तुला."

मनुबाईनं मोडलेला घास पानात ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठू लागली.

संयोगिता भात वाढत होती. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"काका, त्यांना जेवू द्या."

"तू ह्यात पडू नगंस. तुला काय म्हाईत?"

"मला म्हाईत हाय." ती मनुबाईच्या पानासमोर येऊन उभी राहिली. "त्या दिवशी मी मावशींना फोन केला होता. हाक मारू का, म्हणून त्यांनी विचारलं. मी नको म्हणाले."