आडवं झाल्यावर

"मशीन ठीक आहे. तुम्हीच नीट फुंकत नाही आहात," अक्षता म्हणाली.

वैजनाथ सोनकांबळे यांनी तोंडातली नळी काढली. वय चोपन्न, विश्रांतवाडीच्या एका शाळेत गणिताचे शिक्षक. चार महिन्यांपासून त्यांना जिना चढवत नव्हता. आपले वर्ग तिसऱ्या मजल्यावरून खाली आणावेत असा अर्ज त्यांनी केला, तेव्हा शाळेने फुप्फुसांच्या तपासणीचा रिपोर्ट मागितला. म्हणून दोन बस बदलून ते वारज्याच्या या दवाखान्यात आले होते.

"तीन वेळा फुंकलं. अजून किती?"

"जोर लावेपर्यंत."

"तो कसा लावायचा असतो? आपण दाखवता का?"

"अहो, बाहेर अकरा पेशंट बसलेत."

अक्षता बारा वर्षं ही तपासणी करत होती. रजेसाठी मुद्दाम अर्धवट फुंकणारे तिने पुष्कळ पाहिले होते. तिने रिपोर्टखाली लिहिलं, 'रुग्णाने पुरेसा प्रयत्न केला नाही.'

आठ दिवसांनी वैजनाथ परत आले. बरोबर बायको होती, सुशीलाबाई. दारातून टेबलापर्यंत येतानाच वैजनाथांना धाप लागली होती. त्यांनी रिपोर्ट टेबलावर आपटला.

"हे तुमचं अक्षर?"

"हो."

"शाळेच्या अध्यक्षांनी सगळ्या शिक्षकांसमोर वाचून दाखवलं. म्हणाले, सर, नाटक पुरे. सत्तावीस वर्षं शिकवतोय मी तिथे."

"शाळेत काय झालं ते मला सांगू नका. मी जे दिसलं ते लिहिलं."

"चार महिने झाले, हे खुर्चीत बसून झोपतात," सुशीलाबाई म्हणाल्या. "पाठ टेकली की जीव घाबरतो त्यांचा. ते दिसलं का तुम्हाला? विचारलंत तरी?"

अक्षताने विचारलं नव्हतं. "ते डॉक्टर विचारतात," ती म्हणाली.

"मग आता बघा," वैजनाथ म्हणाले. चपला काढून ते कोपऱ्यातल्या तपासणीच्या पलंगावर सरळ आडवे झाले आणि त्यांनी शर्ट वर केला.

"उठा, हे काय चाललंय?" अक्षता ओरडली. आणि मग तिचं लक्ष त्यांच्या पोटाकडे गेलं.

माणूस श्वास घेतो तेव्हा छातीखालचा स्नायूंचा पडदा खाली सरकतो, आतडी पुढे ढकलली जातात आणि पोट फुगतं. वैजनाथांचं पोट प्रत्येक श्वासाला आत जात होतं. छाती वर, पोट खाली. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठल्या होत्या. असं कुणाला मुद्दाम करता आलं नसतं. अर्ध्या मिनिटात त्यांचे ओठ काळसर दिसू लागले.

"उठवा त्यांना. बसवा आधी," अक्षता म्हणाली. तिने स्वतः त्यांच्या पाठीखाली हात घातला. त्यांनी तो झटकला आणि बायकोचा हात धरला.

दम परतल्यावर तिने पुन्हा तपासणी केली. बसून दोन लिटर हवा निघाली. पाठ टेकवून जेमतेम एक. मग ती स्वतः डॉ. आमोद यांना बोलावून घेऊन आली. त्यांनी सोनोग्राफीच्या स्क्रीनवर दाखवलं : श्वास घेताना खाली जायचा तो स्नायू दोन्ही बाजूंनी लुळा होऊन वर ओढला जात होता.

"मध्ये कधी खांदे फार दुखले होते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिवाळीनंतर. आठ दिवस हात वर होत नव्हता."

"तेव्हाच मानेतल्या नसांना सूज आली असणार. या स्नायूची नस मानेतूनच खाली येते. बसल्यावर पोटातला भार खाली राहतो म्हणून तुमचं निभतं. आडवं झालं की तोच भार छातीवर चढतो. नस भरून यायला वर्ष-दोन वर्षं लागतील. तोवर झोपताना श्वासाचं मशीन लावायचं."

अक्षताने नवा रिपोर्ट छापला. वैजनाथांनी तो वाचला आणि परत सरकवला.

"जुना चुकीचा होता, असं कुठे लिहिलंय?"

"नवा आल्यावर जुना आपोआप रद्द होतो."

"आमच्या अध्यक्षांच्या डोक्यात होत नाही. लिहा. खाली आपलं नाव आणि सही."

तिने डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी पेन तिच्यापुढे सरकवलं. तिने लिहिलं, 'आधीचा शेरा चुकीचा होता. रुग्णाचा प्रयत्न पूर्ण होता.' खाली नाव लिहून सही केली. "माझं चुकलं, सर," ती कागदाकडे बघत म्हणाली.

"हो," वैजनाथ म्हणाले आणि निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात त्यांना तळमजल्यावरचा वर्ग मिळाला.

आठ महिन्यांनी ते फेरतपासणीला आले. पाठ टेकवून दीड लिटर भरलं. "बरीच सुधारणा आहे," अक्षता उत्साहाने म्हणाली, "मला खरंच बरं वाटलं."

वैजनाथांनी शर्टाची बटणं लावली. "आपल्याला काय वाटतं ते राहू द्या," ते म्हणाले. "आकडा लिहा."